चार वह्यांतलं स्तोत्र

संत सेसिलियाच्या सणाला आमच्या घरी आधी गातात, मग जेवतात. गल्लीतली बाकीची इंग्रज घरं आधी पोटभर चापतात आणि मग गायला उभी राहतात. त्यांची कुत्री ते गाणं सुरू झालं की आमच्या मागच्या अंगणात येऊन बसतात. राजवाड्याचा ऑर्गन वाजवणाऱ्या माणसाच्या घरात गवयांच्या संताला ढेकर देत हाक मारायची नाही, हे मी ब्रुसेल्सला आले त्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. एकोणतीस वर्षांत ते मोडायची कुणाची छाती झाली नाही.

त्या वर्षी तर नवं पुस्तक होतं. सहा वर्षांनी. अँटवर्पहून आदल्या दिवशीच्या बोटीनं आलं होतं आणि अजून त्याला शाईचा वास होता. पुस्तक म्हणजे खरं तर चार पातळ वह्या. सगळ्यात वरचा आवाज एकीत, त्याच्या खालचा दुसरीत, पुरुषांचा वरचा तिसरीत आणि खर्ज चौथीत. अख्खं गाणं एकाही वहीत नसतं. ज्याच्या हातात जी वही त्याला तेवढंच दिसतं, बाकीचं ऐकून धरायचं. चारही वह्यांवर ठळक अक्षरात 'जर्व्हेस थर्ल्बी' असं छापलं होतं. मोठं छापील असलं की मी बोट ठेवून अक्षरं लावते. ते नाव मी चार वेळा लावलं, चारही वह्यांवर.

जेवणाला बाहेरचे एकटे फादर क्रिस्पिन होते. ते आले होते आमच्या विनिफ्रेडसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं ती त्यांच्याबरोबर गेंटला, इंग्रज बायकांच्या मठात जायची होती. मठात जायचं तरी मुलीला हुंडा लागतो, नवऱ्याच्या घरी जाताना लागतो तितकाच, आणि आमच्याकडे तो नव्हता. पण तिथल्या ऑर्गन वाजवणाऱ्या भगिनीची बोटं सांध्यांनी आखडली होती. वाजवणारी आणि मठाच्या गायिकांसाठी नवं लिहिणारी मुलगी मिळाली तर मठाच्या मोठ्या बाई हुंडा सोडायला तयार होत्या. अट एकच. मुलीनं स्वतः रचलेलं एक स्तोत्र बरोबर आणायचं. विनिफ्रेडनं ते रचलं होतं. दहा दिवसांपूर्वी देवळातल्या लहान ऑर्गनवर फादरना त्याची सुरुवात ऐकवलीही होती.

मठ नाही, तर मग नवरा म्हणून होता होल्स्टेर, गजानं वाजवायचं व्हायोल वाजवणारा. बायको गेलेली, चार पोरं, तोंडात पाच दात. माझाच अर्धा शब्द त्याला गेलेला होता, कारण बावीस वर्षांची मुलगी घरात ठेवून मी काय तिचं लोणचं घालणार होते? विनिफ्रेड तेव्हा म्हणाली होती, "आई, त्या माणसाला मी वाजवते ते ऐकू येतं, पण ऐकलेलं कळत नाही." असली पोर.

तर गायला उभे राहिले. विनिफ्रेड सगळ्यात वरचा आवाज. तिच्याखाली आमची सून माइकन, अँटवर्पची. पुस्तक छापलं ते तिच्या सख्ख्या काकांनीच. मग माझा टोबी, राजवाड्यात बापाच्या हाताखाली दुसरा वादक. खर्ज जर्व्हेसचा. मी दाराशी, एक कान स्वयंपाकघराकडे, कारण चुलीवर सुक्या आलुबुखाऱ्यांतला ससा होता आणि मोलकरणीला करपल्याचा वास जळून कोळसा झाल्यावरच येतो.

पहिली दोन गाणी छान झाली. तिसरं निघालं 'बाबिलोनच्या नद्यांकाठी'. शब्द बायबलातले, देश सुटलेल्यांचे, त्यामुळे त्यात काही नवल नव्हतं. धर्मापायी घर सोडून आलेल्या प्रत्येक इंग्रज गवयानं त्या स्तोत्राला एकदा तरी चाल दिलेली आहे. परमुलुखात बसून माणसाला दुसरं काय सुचणार? विनिफ्रेडनंही तेच निवडलं होतं. त्यामुळे जर्व्हेसच्या पुस्तकात ते दिसलं म्हणून कुणाची भुवई हलली नाही.

सुरुवात खर्जानं होते. मग टोबी, मग माइकन. वरचा आवाज बराच वेळ गप्प असतो. त्या गप्प वेळात विनिफ्रेड आपल्या वहीकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं मी बघितलं. मला वाटलं, चक्कर. सकाळपासून पोरगी उपाशी. तिची जागा आली आणि ती गायलीच नाही.

"विनी, झोपलीस काय?" टोबी म्हणाला. "पहिल्यापासून."

पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी ती गायली. पण वही तिनं मिटून छातीशी धरली होती आणि बघत होती समोरच्या भिंतीकडे. आदल्या दिवशी आलेलं पुस्तक, आणि एकही स्वर चुकला नाही. आणि मग ती जागा आली जिथे माइकनचा आवाज चढत चढत विनिफ्रेडच्या आवाजाच्या वर निघून जातो.

माझ्या हातातला डाव तिथेच राहिला.

आतल्या आवाजानं वरच्याच्या डोक्यावरून जायचं नाही, हे आमच्या घरात दहा आज्ञांच्या मागोमाग येतं. जर्व्हेसनी त्यापायी शिष्यांची बोटं फोडली आहेत. ते स्वतः असं लिहिणार नाहीत, मरतानाही नाही. आणि तो चढ मी ऐकला होता. गेल्या थंडीत, स्वयंपाकघरातल्या मेजावर घरातलं ते लहान, पट्ट्यांचं वाद्य ठेवून विनिफ्रेड तेवढाच तुकडा वाजवत बसायची. मी तिला म्हटलंही होतं, सून सासूच्या डोक्यावर चढते तसं काय ते, तुझा बाप ऐकेल. तर म्हणाली, "आई, त्या आवाजाला वरचा दिसतच नाही. म्हणून चढतो."

गाणं संपलं. टोबीला आणि माइकनला काही कळलं नव्हतं, ती दोघं आपापल्या वहीत होती. फादर क्रिस्पिनच्या हातात मात्र वही नव्हती. त्यांनी सगळं गाणं ऐकलं होतं, माझ्यासारखंच.

त्यांनी पेला खाली ठेवला. "विनिफ्रेड, हे स्तोत्र तू मला दहा दिवसांपूर्वी ऐकवलंस."

"हो, फादर."

"तुझं म्हणून."

"हो."

"ह्यावर तुझ्या वडिलांचं नाव आहे."

तिनं बापाकडे बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच बघितलं. जर्व्हेस चष्मा पुसत होते.

"माझंच आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं असणार?"

मीठ इकडे सरकवा म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाले. खोटं बोलणाऱ्या माणसाचा आवाज मला कळतो, मी तीन दीर पोसले आहेत. हा तो आवाज नव्हता.

फादरनी विनिफ्रेडकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. राग असता तर मी परतवला असता. त्यांना वाईट वाटलं होतं. "मठाच्या मोठ्या बाईंना मी माझ्या नावानं पत्र लिहिलं आहे," ते म्हणाले. "मुलगी गुणी आहे आणि सरळ आहे, असं. उद्या बोटीवर बसण्याआधी मला कळलं पाहिजे की त्यातलं काय खरं आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत मी इथे आहे."

"ससा करपतोय," मी म्हटलं. "बसा सगळे. विनिफ्रेड, माइकन, माझ्याबरोबर या."

स्वयंपाकघरात शिरल्या शिरल्या मी मोलकरणीला पाणी आणायला पिटाळलं आणि दार लावलं.

"बाबांनी चोरलं," विनिफ्रेड म्हणाली.

माझा हात उठला होता. मध्ये माइकन आली. ही माइकन, जी माझ्या हातचं सूप चार वर्षं 'वेगळंच लागतं' म्हणत पिते आहे.

"मारताय कशाला तिला?" ती म्हणाली. "ते तिचंच आहे. मी तिच्या खोलीच्या खालच्या खोलीत झोपते, आई. गेल्या थंडीत ते ऐकून ऐकून मला झोपेत पाठ झालंय. आज नुसता माझा आवाज समोर होता म्हणून ओळखू आलं नाही. तुम्हाला आलं का नाही?"

मी डाव घेऊन सशाकडे वळले.

"आलं," माइकन म्हणाली. "मग काकांकडे ते गेलंच कसं? छापायचा गठ्ठा कुणी दिला?"

आणि तेव्हा मला आठवलं. ते आठवताना मी चुलीजवळच्या स्टुलावर बसले, आणि मी कामाच्या वेळी बसत नसते.

जून महिन्यात अँटवर्पचा माणूस गठ्ठा न्यायला आला, तेव्हा जर्व्हेस तापानं पडले होते. गठ्ठा बांधून पेटाऱ्यावर ठेवलेला होता. त्याच्या बाजूला चार सुटी पानं पडली होती. जर्व्हेसचा हात थरथरायला लागल्यापासून घरातलं सगळं विनिफ्रेडच उतरवून काढते, त्यामुळे अक्षर एकच. कागदावरच्या सूर लिहायच्या पाच पाच रेघा माझ्याच हातच्या, पाच टोकांच्या लेखणीनं मारलेल्या, म्हणून कागदही एकच. नाव कशावरच नव्हतं. घरातल्या घरात नाव कोण घालतं? मला वाटलं, पानं गठ्ठ्यातून निसटली आहेत. माणूस दारात पाय आपटत होता. मी दोरी सैल केली, पानं आत सारली आणि गाठ मारली. वर त्याला चांगलं सुनावलंही, आमच्या घरातलं एक पान हरवलं तर बघ म्हणून.

"मी दिलं," मी म्हटलं.

विनिफ्रेड माझ्याकडे बघतच राहिली. "तू?"

"मला वाटलं त्यांचंच आहे."

"पेटाऱ्यावर नाही म्हणून मी आठ दिवस शोधत होते, शेवटी आठवून पुन्हा लिहिलं, आई. तुला विचारलंही होतं."

"मला वाटलं तू गवळ्याच्या हिशेबाचा कागद शोधतेस."

हसण्याची वेळ नव्हती, पण माइकनच्या तोंडून एक आवाज निघाला आणि तिनं तो बाहीत कोंडला.

"पण छापखान्याकडून कच्ची पानं तपासायला आली होती ना?" विनिफ्रेड म्हणाली. "बाबांनी तपासली असतील. आपलं नाही हे त्यांना तेव्हा कळलं असेल. कळूनही गप्प राहिले."

"पानं मी तपासली."

टोबी दारात उभा होता. वरून खाली आला होता. दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभा राहिला, लहानपणी काही फोडलं की उभा राहायचा तसा.

"चार आवाज, चार वेगळ्या दिवशी तपासले," तो म्हणाला. "एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून. ओळ बरोबर होती. चारही एकत्र ऐकल्याशिवाय त्यात काय आहे ते कळत नाही, आणि एकत्र मी आजच ऐकलं." मग तो मला म्हणाला, "आई, मी आत्ता बाबांना विचारलं. वर, बाजूला घेऊन. म्हटलं, बाबा, मला तरी सांगा."

"काय म्हणाले?"

"माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, टोबी, बहिणीला सांभाळून घे, पोर घाबरली आहे, मठाला दाखवायला काही सुचलं नसेल म्हणून माझं नेलं असेल, मी रागावलो नाही." टोबीनं मागे दाराची कडी चाचपली. "त्यांना खरंच वाटतंय, आई. त्यांनीच लिहिलं असं."

टोबीनं मग जे सांगितलं ते त्यानं दीड वर्ष पोटात ठेवलं होतं. माझा मुलगा गप्प बसू शकतो हेच मला माहीत नव्हतं. राजवाड्याच्या देवळात गेल्याच्या आधीच्या ईस्टरला जर्व्हेसनी भलतंच स्तोत्र वाजवायला घेतलं. गायक थांबले. टोबीनं बापाचे हात बाजूला सारून स्वतः वाजवलं आणि सगळ्यांना सांगितलं की ऑर्गनची एक नळी बिघडली होती. उन्हाळ्यात एकदा जिन्याच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी टोबीला विचारलं, आपण वर जायचंय की खाली. तेव्हापासून अवघड असलं की टोबीच वाजवतो. जर्व्हेस शेजारी बसतात आणि लोकांना वाटतं बाप मुलाला शिकवतोय.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू तरी कुठे सांगितलंस?" तो म्हणाला. "गेल्या महिन्यात ते तुला एलिनर म्हणाले. मी जिन्यात होतो. तू 'ओ' दिलीस."

एलिनर माझी थोरली बहीण. तिला जाऊन तेवीस वर्षं झाली. मी ओ दिली होती, खरं आहे. मी म्हटलं होतं, म्हातारपण आहे, जीभ घसरते. पहिल्या वेळी म्हटलं होतं.

टोबी विनिफ्रेडकडे वळला. "मेणबत्त्यांच्या सणाला माझ्या नेमणुकीचं पत्र राजवाड्यात सहीला जातंय. बाबांच्या मागे जागा मला. त्याला फक्त दहा आठवडे आहेत, विनी. तोवर बाबांना काहीही झालेलं नाही. हे बाहेर गेलं तर ते उद्या दुसरा माणूस आणून बसवतील, आणि हे घर जागेबरोबरचं आहे. जागा गेली की घर गेलं. बाबांना घेऊन कुठे जायचं? त्यांना ह्या घरातला जिना सापडत नाही."

"आणि मी?"

"तू दुसरं लिही. तुला काय, येतं तुला."

"आणि फादरना काय सांगू? पहिलं चोरलेलं होतं, हे मात्र माझं?"

विनिफ्रेडनं माइकनकडे बघितलं. आत्ता पाच मिनिटांपूर्वी तिच्यासाठी माझा हात अडवणारी माइकन. पण माइकनला तिसरा महिना होता, आणि 'घर गेलं' ह्या शब्दांनंतर तिचा हात आपोआप पोटावर गेलेला मी पाहिला होता. तिनं मान खाली घातली.

"दहाच आठवडे आहेत, विनी," ती पुटपुटली.

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागली. आमच्या घरात असंच आहे. भांडण कुणाचंही असो, शेवटचा शब्द ॲव्हिस थर्ल्बीचा. मला तो कधी शोधावा लागला नव्हता. त्या दिवशी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं.

"ससा वाढ," मी माइकनला म्हटलं.

जेवण झालं म्हणतात तसं झालं. जर्व्हेस एकटे पोटभर जेवले. आलुबुखारे वेचून त्यांनी विनिफ्रेडच्या ताटात घातले, तिला आवडतात म्हणून. हे बरोबर आठवत होतं. फादरना त्यांनी इंग्लंडातल्या लिंकनच्या देवळातल्या जुन्या ऑर्गनच्या गोष्टी सांगितल्या, एकही नाव न चुकता. मी बघत होते आणि मनात म्हणत होते, ह्या माणसाला काही झालेलं नाही, आम्हीच खुळे आहोत. फादर हसायच्या जागी हसत होते आणि मधून मधून खिडकीकडे बघत होते. उजेड उतरत चालला होता.

विनिफ्रेडनं आलुबुखारे सगळे खाल्ले. मग सुरी पुसली, ताटाच्या कडेला ठेवली आणि उठून उभी राहिली.

"फादर," ती म्हणाली, "तुम्हाला उत्तर हवं होतं. ते स्तोत्र बाबांचं आहे. मी तुमच्याशी खोटं बोलले."

सहा बाळंतपणं झाली आहेत मला, त्यातली चार पोरं पुरली आहेत. पण आपल्या पोटचं पोर आपल्याच हातानं आपला गळा चिरतंय आणि आवाजसुद्धा कापत नाही, हे मी आधी बघितलं नव्हतं. टोबी ताटात बघत होता. त्याला हवं तेच झालं होतं, आणि त्याचे कान लाल झाले होते. तो नंतर मला म्हणाला, आई, त्या क्षणी मला वाटलं, सुटलो. आणि असं वाटलं ह्याचं ओझं मला जन्मभर पुरेल.

जर्व्हेस विनिफ्रेडचा हात थोपटत म्हणाले, "असू दे, पोरी. मला काही राग नाही."

फादर उठले. खुंटीवरचा बाहेरचा झगा अंगावर घेतला. "मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "मठाला मी कळवतो." आणि दाराकडे निघाले.

दाराशी मी होते.

"बाजूला व्हा, बाई," ते नरमाईनं म्हणाले.

"आई," टोबी म्हणाला. एवढंच म्हणाला. त्यात सगळं होतं. दहा आठवडे, घर, माइकनचं पोट, बाप.

मी आयुष्यभर ह्या घराची मान ताठ ठेवली. राजवाड्याच्या बायका मला 'ऑर्गनवाल्यांच्या बाईसाहेब' म्हणून आधी नमस्कार करतात. त्यासाठी मी काय काय गिळलं ते मलाच ठाऊक. ते सगळं माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळायला गेले, तर ह्या वेळी उतरेना.

"स्तोत्र मुलीचं आहे," मी म्हटलं. "पानं चुकून मी गठ्ठ्यात घातली. पोरगी आत्ता खोटं बोलली, दहा दिवसांपूर्वी नाही."

"बाई, तुमचे यजमान स्वतः म्हणतात..."

"ते काय म्हणतात ते मीही ऐकलं. त्यांना आठवत नाही, फादर. गेलं दीड वर्ष. देवळात टोबी वाजवतो. हे मला गल्लीतल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावं लागलं असतं तर मी त्याचे डोळे काढले असते."

विनिफ्रेड खुर्चीवर कोसळल्यासारखी बसली, आणि तिनं माझ्याकडे बघितलं ते उपकार मानून नव्हे. "हे काय केलंस," ती म्हणाली. "माझं मी बघत होते ना. बाबांसमोर, आई?"

फादर दोन पावलं मागे आले. "हे बोलून तुम्ही काय गमावताय, कळतंय तुम्हाला?"

"घर," मी म्हटलं. "मुलगा बहुतेक. बाकीचं संध्याकाळपर्यंत कळेल."

मग मला जर्व्हेसकडे बघावं लागलं. बघायचं टाळत होते. मला वाटलं होतं ते ओरडतील. किंवा त्यांना कळणारच नाही, आणि ते अजून वाईट. ते शांत बसले होते. चष्मा काढून मेजावर ठेवला होता. चष्म्याशिवाय त्यांचं तोंड उघड्या घरासारखं दिसतं.

"माझी बायको खोटं बोलत नाही, फादर," ते म्हणाले. "तिला येत नाही. मी शिकवायचा प्रयत्न केला होता, दरबारात लागतं म्हणून." मग टोबीकडे वळले. "जिन्याचं मला माहीत आहे. ईस्टरचंही. टोबीला वाटतं मला कळलं नाही. मी म्हटलं, पोराला तेवढं समाधान असू दे."

टोबीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पण हे स्तोत्र," जर्व्हेस म्हणाले. "ॲव्हिस म्हणते मी नाही लिहिलं, तर नसेन लिहिलं. तिचं खरं. पण मला ते लिहिल्याचं आठवतंय. आत्ता, हे बोलतानाही आठवतंय." त्यांनी विनिफ्रेडकडे बघितलं. "मग मला काय आठवतंय, पोरी?"

फादरनी झगा पुन्हा काढून खुंटीवर अडकवला, एवढं मी बघितलं, आणि त्यावरून मला कळलं की सकाळच्या बोटीत विनिफ्रेडची जागा आहे. देवळाची घंटा सुरू झाली. टोबीनं उठायला हवं होतं, प्रार्थनेला ऑर्गन लागतो. तो उठला नाही.

विनिफ्रेडनं आपली खुर्ची ओढून बापाच्या गुडघ्याला गुडघा लावला. लहानपणी धडा घ्यायला बसायची तशी.

"कसं लिहिलंत ते सांगा ना, बाबा," ती म्हणाली.

"तुला कशाला?"

"मला ऐकायचंय."

जर्व्हेसनी माझ्याकडे एकदा बघितलं, विचारल्यासारखं. मी मान हलवली. मग ते सांगायला लागले. हिवाळा होता म्हणाले. बोटं गारठायची, म्हणून चुलीजवळ बसायचे. पहिल्या ओळी एका बैठकीत झाल्या. मग ते शब्द आले, आम्ही आमच्या वीणा झाडांवर टांगून ठेवल्या, आणि तिथे सगळं अडलं. काही केल्या पुढे जाईना.

"किती दिवस?" विनिफ्रेडनं विचारलं.

"तीन," जर्व्हेस म्हणाले. "चौथ्या दिवशी मी सगळे आवाज एकदम थांबवले. नुसती शांतता ठेवली, आणि मग एकट्या वरच्या आवाजाला बोलावलं."

विनिफ्रेडचे ओठ हलत होते. तिचेही तीनच दिवस गेले होते. मला माहीत आहे, त्या तीन दिवसांत तिनं माझी दोन भांडी जाळली होती. भिंतीपलीकडून जर्व्हेसनी ते सगळं ऐकलं असणार.

"मग?" ती म्हणाली. "त्या आवाजाला काय सुचवलंत, बाबा?"